कुंतीचा ताण आणि तिच्या पायाशी राहणारी मंडळी

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घराच्या पश्चिमेकडे, कुंपणाच्या भिंतीलगत, २२ फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी एक पट्टी आहे. तिच्यात भिंतीच्या बाजूला अडीच-अडीच फुटांवर कुंतीची ९ झाडे उभी असून यंदा त्यांनी चौथा पावसाळा पाहिला. रोपवाटिकेत हिला बहुधा मधुकामिनी म्हणून विकतात, आणि फुलवाले हिच्या फांद्या गुच्छात भरतात तेव्हा नुसती कामिनी म्हणतात. आमच्या घरात मात्र ती आजीच्या काळापासून कुंतीच आहे. झाडांच्या पुढच्या मोकळ्या जागेत काय लावावे याचे पहिल्या तीन वर्षांतले माझे सर्व प्रयोग रंग आणि उंची यांच्या हिशेबाने झाले, आणि जवळजवळ सर्वच फसले. गेल्या जानेवारीपासून मी तो हिशेब सोडून दिला असून आता एकच गोष्ट पाहते: कुंती तहानलेली असेल तेव्हा शेजारचे झाडही तिच्याबरोबर तहानलेले राहू शकते की नाही. ही नोंद त्या बदलानंतरच्या वर्षभराची आहे.

हा विचार मला आपोआप सुचला नाही. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मी पट्टीच्या पुढच्या कडेला पिटुनिया आणि बुटका झेंडू लावला होता आणि त्यांना रोज पाणी लागते म्हणून ठिबकच्या दोन स्वतंत्र नळ्या टाकून त्यांना दोन कॉक बसवले होते. मागची नळी कुंतीची, पुढची हंगामी फुलांची, अशी ती व्यवस्था कागदावर निर्दोष होती. परंतु आपल्या काळ्या चिकण मातीत ड्रिपरचे पाणी जितके खाली उतरते तितकेच आडवेही पसरते, आणि दोन नळ्यांमध्ये दीड फुटाचेच अंतर असल्याने पुढचे पाणी रोज कुंतीच्या मुळांपर्यंत पोहोचत होते. परिणामी कुंती हिरवीगार, लुसलुशीत झाली आणि अख्ख्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात तिला मूठभर फुलेसुद्धा आली नाहीत. मी खत वाढवले, त्याने पाने आणखी वाढली.

आटपाडी तालुक्यात डाळिंब करणारे माझे चुलत दीर दिवाळीनंतर घरी आले होते, तेव्हा त्यांनी पट्टीतली माती बोटाने उकरून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही या झाडाला कधी उपाशी ठेवतच नाही, मग ते फुलणार कशाला?" डाळिंबाला आणि लिंबाला बहार धरण्यासाठी ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, हे या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, कुंती ही लिंबाच्याच कुळातली आहे हेही मला माहीत होते. पान उजेडासमोर धरले तर त्यात लिंबाच्या पानासारखे तेलाचे बारीक ठिपके दिसतात, आणि फुलाचा वास तर संत्र्याच्या मोहोराचा सख्खा भाऊ. तरीही शोभेच्या झाडाला फळबागेचा नियम लावण्याची कल्पना मला तीन वर्षांत सुचली नव्हती, याची थोडी लाज वाटते. पावसाआधी कोरडा काळ गेला की पहिल्या सरींनंतर कुंती एकदम पांढरी होते, हे तर रस्त्याकडेच्या प्रत्येक जुन्या झाडावर दिसते.

जानेवारीच्या १८ तारखेला मी पाणी पूर्ण बंद केले. त्याआधी आठवडाभर हंगामी फुले उपटून पट्टी मोकळी केली होती. दहाव्या दिवसापर्यंत काहीच घडले नाही. पंधराव्या दिवसापासून दुपारी पाने किंचित आतल्या बाजूला वळू लागली, रंगातला तुकतुकीतपणा गेला, आणि विसाव्या दिवसानंतर खालची जुनी पाने पिवळी पडून गळू लागली. याच टप्प्यावर हात पाण्याच्या नळाकडे जातो; मी स्वतःला आवरले. माती हलकी आणि मुरमाड असती तर ताण याहून लवकर बसला असता, पण काळ्या मातीत ओल खोलवर धरलेली असते आणि तिथे घाई उपयोगाची नाही. मात्र शेंड्याची कोवळी पानेही सकाळच्या वेळी माना टाकलेली दिसली तर ताण तोडावा, कारण कुंती सदाहरित आहे आणि तिला पूर्ण निष्पर्ण करण्यात काही हशील नाही.

२६ दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, मी ताण तोडला. आळी हलकेच खुरपून प्रत्येक झाडाला दोन घमेली कुजलेले शेणखत घातले, पहिले पाणी आंबवणीचे म्हणून बेताचे दिले आणि दुसरे, भरपूर, पाच दिवसांनी. पहिल्याच दिवशी मुळांना पाण्यात बुडवले तर झाड फुलांऐवजी नुसत्या पालवीकडे वळते, असे दिरांनी बजावले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस नवी तांबूस-पोपटी पालवी आणि तिच्या टोकांना कळ्यांचे झुबके दिसले, आणि ९ मार्चच्या संध्याकाळी पट्टी फुलली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, कुंतीचा तर दोनच. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पाकळ्या खाली पडलेल्या होत्या. पण त्या दोन रात्री शेजारच्या दोन्ही घरांतून विचारणा झाली, हे इथे नमूद करणे भाग आहे.

आठ झाडे अशी फुलली. नववे, दक्षिणेच्या टोकाचे, फुलले नाही. त्याच्या शेजारी धुण्याच्या मोरीचा नळ आहे आणि तो सदैव ठिबकत असतो. त्याचे एकही पान ताणाच्या काळात वळले नव्हते. मी मुद्दाम काही न करता मला प्रयोगातले तुलनेचे झाड मिळाले होते, म्हणून मी तो नळ वर्षभर तसाच राहू दिला (घरात यावरून झालेली चर्चा इथे देत नाही).

आता सोबतीच्या झाडांविषयी. ताणाचे वेळापत्रक ठरल्यावर निवड फार सोपी झाली. जे झाड जानेवारी-फेब्रुवारीत २६ दिवस पाण्याविना राहू शकते, किंवा त्या काळात जमिनीवर असतच नाही, तेच चालेल.

पहिली निवड गुलाबी रेन लिलीची, आणि वर्षभरातली सर्वांत समाधान देणारी हीच. तिचेही फुलणे कोरड्या काळानंतरच्या पाण्यावर अवलंबून असते. कंद सुप्तावस्थेत पडून राहतात आणि भिजले की काही दिवसांत थेट फुलांचे दांडे वर येतात. डिसेंबरातच मी कंद दोन इंच खोल आणि तीन-तीन इंचांवर लावून ठेवले होते. माझी कल्पना अशी होती की वर पांढरी कुंती आणि खाली गुलाबी लिली एकाच दिवशी फुलतील. तसे झाले नाही. लिली २३ फेब्रुवारीला फुलली आणि कुंतीला त्यानंतर दोन आठवडे लागले, तोपर्यंत लिलीचे दांडे वाळलेले होते. झाड आधी पालवी काढते, मग कळी धरते. कंदात मात्र साठवण आधीच तयार असते, हा फरक मी विचारात घेतला नव्हता. मे महिन्यात हा हिशेब निसर्गाने जुळवून दिला. एप्रिलभर पाणी कमीच होते, मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वळीव आला, चौथ्या दिवशी लिली आली, मग मृगाच्या पहिल्या पावसाने तिचा दुसरा बहार आणला आणि त्याच आठवड्यात वळवावर कळ्या धरलेली कुंतीही उमलली. म्हणजे दोन्ही एकत्र हव्या असतील तर लिलीला दोनदा भिजवावे लागते, एकदा कुंतीबरोबर आणि नंतर कुंतीच्या कळ्या टपोऱ्या झाल्यावर. मधल्या काळात लिलीची बाजू शक्य तितकी कोरडी ठेवावी लागेल. पुढच्या फेब्रुवारीत मी हेच करून पाहणार आहे.

याच कुळातली पांढरी रेन लिलीही मी चार फुटांत लावली होती. ती मुळात पाणथळ जागेतली असल्यामुळे ताणात खुरटली आणि मग नोव्हेंबरपर्यंत मोरीच्या नळाजवळ, नवव्या झाडाखाली, सुखात होती. लिलीचे कंद आणि पाने पातीच्या कांद्यासारखी दिसतात, परंतु ती विषारी असतात. घरात लहान मुले किंवा कुत्री-मांजरे असतील तर लक्ष ठेवावे.

दुसरी सोबत जांभळ्या कोरांटीची. कुंतीच्या दोन झाडांमधल्या पोकळीसमोर एक, अशी चार झाडे लावली. ती दसऱ्यानंतर फुलायला लागते आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालते, म्हणजे कुंती नुसती हिरवी असते नेमक्या त्या काळात पट्टीत रंग असतो. फुले संपली की मी तिला एक फुटावर छाटते आणि तशीच ताणात ढकलते. तिला त्याचे काहीच वाटत नाही. कोरांटीला बागेत मान नाही हे मला माहीत आहे. ज्यांना नाव सांगितले त्यांच्यापैकी बहुतेकांनी नाक मुरडले, पण कुंतीच्या गडद पानांपुढे तो फिकट जांभळा रंग जितका शोभतो तितका पिटुनियाचा कधी शोभला नव्हता.

तिसरी मंडळी पावसाळी. तेरड्याचे बी मी मृगाच्या सुमारास नुसते फेकले. तो जूनमध्ये उगवतो, गौरींच्या वेळी भरात असतो आणि ऑक्टोबर संपेपर्यंत स्वतःच बी उधळून मरून जातो, त्यामुळे ताणाचा प्रश्नच येत नाही. त्याच्या रोपांची विरळणी मात्र करावी लागते, नाहीतर कुंतीच्या बुंध्यांभोवती हवा खेळत नाही. सावलीच्या जागी पानओवा आहे. ताणात त्याची पाने जाडसर होऊन आत वळली आणि पाणी मिळताच आठवड्यात पूर्ववत झाली. सदाफुलीही लावली होती. ताणात ती उत्तम राहिली आणि सततच्या पावसात ऑगस्टमध्ये कुजली, म्हणून यापुढे तिला फक्त उंचवट्यावर जागा.

अनंताबद्दल स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते, कारण सुगंधी पांढऱ्या फुलांची जोडी म्हणून कुंतीशेजारी अनंत लावण्याचा मोह अनेकांना होतो. इथल्या चुनखडीच्या विम्ल (अल्कधर्मी) मातीत लोह असूनही अनंताला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे चित्र दोन महिन्यांत दिसते. मी फेरस सल्फेट दिले, परंतु चुनखडीत ते लगेच अविद्राव्य होऊन बसते. चिलेटेड, म्हणजे मातीत विद्राव्य राहील असे बांधलेले, लोह घेताना इडीटीए नव्हे, तर इडीडीएचए प्रकारचे घ्यावे, कारण विम्ल मातीत तेच टिकते. त्याने पाने हिरवी झाली खरी, पण दर काही महिन्यांनी ते देत राहण्याचा खर्च पाहता मी अनंत लाल मातीच्या मोठ्या कुंडीत हलवला. कुंती चुनखडीत मुकाट्याने वाढते. तिला त्रास होतो तो खाऱ्या पाण्याचा. आमच्या बोअरचे पाणी दिले की पानांची टोके करपतात, म्हणून ताण तोडताना तरी मी नगरपालिकेच्या नळाचेच, म्हणजे आता महापालिकेच्या, पाणी देते. आदल्या पिढीच्या तोंडातला शब्द जात नाही.

किडीची एक बाब लिंबू लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. लिंबावरच्या सायला किडीला कुंती अतिशय प्रिय आहे, कढीपत्ताही चालतो, आणि हीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते. आमचे कागदी लिंबू पट्टीपासून १२ फुटांवर कुंडीत होते. ते मी गच्चीवर नेले, पण अंतराने पूर्ण संरक्षण मिळते असे समजू नये. ताणाचा इथे एक अनपेक्षित फायदा झाला. सायला कोवळ्या पालवीवरच अंडी घालते, आणि ताणानंतर सगळी पालवी एकदम येत असल्याने त्या पंधरवड्यात ५ टक्के निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या पुरल्या. पूर्वी पालवी वर्षभर तुकड्यातुकड्याने येई आणि फवारणीला अंत नसे. कळ्या उमलू लागल्या की मात्र फवारणी थांबवावी, मधमाश्या येतात. झेंडू शेजारी असला की कीड येत नाही, असे सर्रास सांगितले जाते. झेंडूच्या मुळांचा परिणाम मातीतल्या सूत्रकृमींवर होतो. पानांवरची सायला त्याला भीक घालत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

छाटणीत एकच सुधारणा केली. कुंतीच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकांना येतात, आणि आमच्याकडे येणारे माळीकाका दर महिन्याला कात्री चालवून कुंपण सरळ रेषेत ठेवत असत. आता छाटणी फक्त जूनचा बहार ओसरल्यावर आणि आणखी एकदा, हलकी, पाऊस संपल्यावर. कुंपणाची रेषा थोडी वाकडी दिसते. माळीकाकांना ते अजून पटलेले नाही. छाटणी कमी झाल्यामुळे लाल फळेही धरली, बुलबुल ती खातात आणि लिलीच्या वाफ्यात कुंतीची चिमुकली रोपे उगवतात; त्यांतली सहा मी पिशव्यांत काढली आहेत.

सध्या डिसेंबरचा दुसरा आठवडा असून कोरांटी भरात आहे. लिलीच्या एका कंदाचे तीन-चार झाले आहेत, ते विरळ करून पट्टीच्या उत्तर टोकापर्यंत नेले. यंदाचा ताण १० जानेवारीपासून धरायचा आहे. मोरीचा नळ नोव्हेंबरात अखेर दुरुस्त करून घेतला, आणि त्याबरोबर पांढरी लिली कुंडीत हलवली. परवा दुपारी पट्टीवरून चालत गेले तेव्हा नवव्या झाडाची पाने चार वर्षांत प्रथमच किंचित आत वळलेली होती.