१८० गोळ्या आणि ०.३ ची वाढ

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात आरोग्य तपासणीच्या ऑक्टोबरच्या फेरीला गेलो, तेव्हा रक्त कमी असलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीत वरून चौथे नाव नववीतल्या एका मुलीचे होते. वय १४, उंची १५१ सेंटीमीटर, वजन ४१ किलो. जुलैतले हिमोग्लोबिन ९.८ ग्रॅम, हवे निदान १२. डॉक्टरांनी लोह-फॉलिक अॅसिडच्या रोज दोन गोळ्या तीन महिने लिहून दिल्या होत्या, प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. म्हणजे एकूण १८० गोळ्या. त्या दिवशीचा आकडा आला १०.१.

एवढी वाढ बोटाच्या रक्तावर चालणाऱ्या यंत्राच्या चुकीतच मोडते. थंड हात, घाईने पिळलेले बोट, पट्टीत शिरलेला एखादा बुडबुडा, एवढ्यानेही आकडा तितका सरकतो. म्हणून पहिली शंका स्वतःवरच घ्यायची. कोमट पाण्याने हात धुवायला लावले आणि अनामिकेच्या बाजूला, नखाच्या फार जवळ नाही अशा जागी टोचले. स्पिरिट पूर्ण वाळू दिले होते. पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला. बोट पिळले की पेशींभोवतीचे पाणी रक्तात मिसळते आणि आकडा खोटाच खाली येतो. शाळेच्या तपासण्यांत सर्वांत जास्त होणारी चूक हीच. दुसऱ्यांदाही १०.० आले. चूक यंत्राची नव्हती.

खरे तर ही गोष्ट महिनाभरातच कळायला हवी होती. उपचार लागू पडत असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वर यावे. तसे झाले नाही तर कारण शोधायचे किंवा पुढे पाठवायचे, असा नियम आहे. पण ऑगस्टची फेरी पावसात बुडाली आणि पुढची चवथीच्या सुट्टीत गेली.

अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी पहिले वाक्य ठरलेले असते: मुलगी गोळ्या खातच नाही. ते तपासायचा एक साधा प्रश्न आहे. शी काळी होते का? मुलगी लाजली. आईला शाळेत बोलावले होते, तिने मात्र लगेच सांगितले, "होते मॅडम, पहिल्या आठवड्यापासून. एक गोळी चुकलेली नाही, मी स्वतः हातावर ठेवते." रिकामी पाकिटेही तिने पिशवीतून काढून टेबलावर मांडली.

इथे बरेच जण चकतात. लोह पोटात गेले की शी काळी होते, कारण न शोषलेले लोह आतड्यातून तसेच पुढे जाते. म्हणजे काळी शी गोळी गिळल्याची पावती आहे, लोह रक्तात पोचल्याची नाही.

मग चोवीस तासांचे खाणे विचारायला बसलो. हे काम वाटते तितके सोपे नाही. "काय खातेस?" असे विचारले की "सगळं खाते" हेच उत्तर येते. म्हणून काल उठल्यापासून सुरुवात करायची, वाटी-पेला-पळी समोर ठेवायची आणि प्रत्येक पदार्थानंतर विचारायचे, "त्याच्यासोबत काय?" या शेवटच्या प्रश्नावरच अर्धे उत्तर असते.

सकाळी साडेसहाला पदेराचे (पाववाल्याचे) दोन उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पेलाभर चहा. मधल्या सुट्टीत पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, कारण शाळेतला माध्यान्ह आहार तेव्हा आठवीपर्यंतच मिळायचा. सातवीत-आठवीत याच मुलीला भाजी-पाव, उसळ मिळत होती. वाढीचा जोर आणि पाळी एकत्र आली, त्याच वर्षी ते ताट बंद झाले. दुपारी दोनला शीत (भात), बांगड्याचे हुमण (आमटी) आणि एक फोड. पाचला चहा आणि बटर (कडक बिस्किट). रात्री पुन्हा भात-हुमण. आणि झोपण्याआधी?

"दूध," आई म्हणाली. "चॉकलेट पावडर घालून मोठा पेला. त्याच्याबरोबर दोन लोहाच्या गोळ्या आणि एक कॅल्शियमची. उंची वाढायला हवी ना तिची."

१८० गोळ्या कुठे गेल्या, ते इथे कळले. दूध आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी पोटात असली की लोहाचे शोषण घसरते. चहातले टॅनिन वनस्पतिजन्य लोह बांधून ठेवते, कॅल्शियम तर मासळी-मटणातल्या लोहालाही आडवे येते. घरात सर्वांत काळजीने पाळले जाणारे काम होते ते, आणि तेच नेमके उलटे पडत होते. पण दोष आईला देता येणार नाही. जुलैत आमच्याच तोंडून तिला गेलेली सूचना होती, "मळमळ होऊ नये म्हणून रात्री जेवून घ्या." त्या वेळी सोबत काय घ्यायचे नाही, हे कुणी सांगितलेच नव्हते.

आहारातले लोह मोजले तेव्हा बेरीज १० मिलिग्रॅमवर जाईना. १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस दिवसाला ३० मिलिग्रॅमची आहे. याच वयाच्या मुलाला २२ लागतात. एक मिलिलीटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे पाळीत दर महिन्याला किती जाते याचा अंदाज करता येतो. आणि बांगड्याबद्दलचा गैरसमज गोव्यात फार पक्का आहे. "आमच्याकडे रोज मासळी असते" हे वाक्य ऐकले की समोरचा निर्धास्त होतो. बांगडा प्रथिनांना आणि चांगल्या स्निग्धांशाला उत्तम, पण त्यात लोह बेताचेच. त्याचा खरा उपयोग असा की ताटातल्या भाजी-कडधान्यातले लोह तो अधिक शोषून देतो. पण ताटात कडधान्यच नसेल तर तो मदत कुणाला करणार? हुमणातल्या सोलांच्या (आमसुलांच्या) आंबटपणालाही लोक सी जीवनसत्त्व समजतात. तो आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा. सी हवे तर पेरू, आवळा, लिंबू.

वजन-उंचीच्या तक्त्यावर ही मुलगी ठीकठाक होती, म्हणून घरी वा शाळेत कुणाला शंका आली नव्हती. भाताने पोट भरत होते, उपाशी होते ते रक्त. सहज विचारले, कच्चे तांदूळ, खडू, माती असे काही खावेसे वाटते का? ती गप्प. आई रागाने म्हणाली, "उकडे तांदूळ मूठ-मूठ चावते, किती ओरडले!" लोहाच्या कमतरतेत ही ओढ बऱ्याचदा दिसते. ओरडण्याने ती जात नाही, लोह भरून निघाले की आपोआप जाते.

डॉक्टरांनी शिरेतून रक्त घ्यायला सांगितले. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, ६८; तांबड्या पेशी ४.६ दशलक्ष. एकाला दुसऱ्याने भागले की १४.८ येतात. १३ च्या वर असेल तर थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) वाहकापेक्षा लोहाची कमतरता अधिक संभवते, १३ च्या खाली आले की पुढची तपासणी मागवायची. फेरिटिन ७, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा रिकामाच. कृमीची गोळी वर्षातून दोनदा मिळतेच, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. ती ऑगस्टात झाली होती.

मग वेळापत्रक बदलले. डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी थांबवली. लोहाच्या दोन्ही गोळ्या एकदम, दुपारच्या जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, साडेचारला, अर्ध्या लिंबाच्या पाण्यासोबत. सकाळ-संध्याकाळ अशा वाटायच्या नाहीत, कारण पहिल्या गोळीने हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते दुसऱ्या गोळीचे दार लावून घेते. मळमळ झालीच तर एखादे केळे चालेल, दूध-चहा नाही. पाचचा चहा सहाला ढकलला. दूध रात्रीच राहिले, फक्त एकटे.

सकाळच्या चहाच्या जागी नाचणीचे तिजण (पातळ लापशी) घालायचे ठरले. ३० ग्रॅम नाचणीतून सुमारे ११० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १.४ मिलिग्रॅम लोह मिळते. नाचणी आधी भिजवून मोड आणून दळली तर तिच्यातला फायटेट कमी होतो, नाहीतर तोही लोह अडवतो. आईने विचारले, रोज कोण मोड काढणार? रास्त प्रश्न. आठवड्याचे पीठ एकदम करून ठेवायचे असे ठरले. डब्यात कुळथाची सुकी उसळ किंवा अळसांद्याचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणक, म्हणजे रसभाजी. ४० ग्रॅम कुळीथ म्हणजे जवळजवळ साडेतीन मिलिग्रॅम लोह. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळायचे, उकळत्या भाजीत सी टिकत नाही. आठवड्यातून एकदा तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, आणि मधल्या सुट्टीच्या पाच रुपयांच्या पाकिटाऐवजी दारचा पेरू फुकट पडतो, असे मुलीनेच हसत सांगितले.

चार आठवड्यांनी आकडा ११.४ आला. कच्च्या तांदळाची ओढ त्याआधीच, पहिल्या पंधरवड्यात गेली होती. आकडा १२ च्या वर गेल्यावरही गोळी तीन महिने चालूच ठेवायची आहे, साठा भरायला तेवढा वेळ लागतो. हे आईला दोनदा सांगितले, कारण "बरी झाली" म्हणून याच टप्प्यावर पाकीट फडताळात जाते.

त्या हायस्कुलाच्या यादीत अजून सतरा नावे होती. प्रत्येकाच्या कार्डावर आम्ही हाताने एक ओळ वाढवली: गोळी कशाबरोबर? पहिल्या सहा कार्डांत तीन वेळा उत्तर आले, चहा.