वाट्याला येणारा परिच्छेद

धाकटा चौथीत होता तेव्हा मराठीच्या तासाला त्याचं एक गणित चालायचं. बाई धडा वाचून घ्यायच्या, पहिल्या बाकापासून, एकेकाने एकेक परिच्छेद. धाकटा आधी बाकं मोजायचा, मग परिच्छेद मोजायचा, आपल्या वाट्याला कुठला येतोय ते काढायचा आणि शेजारच्या मित्राला हळूच म्हणायचा, "हा मला एकदा वाचून दाखव." एकदा ऐकलं की त्याचं पाठ. पाळी आली की ओळीवर बोट ठेवून तो सगळा परिच्छेद धडाधड म्हणून टाकायचा. पण मधलं कुणी गैरहजर असलं, किंवा बाईंनी अचानक शेवटच्या बाकापासून सुरुवात केली, की गणित कोसळायचं.

हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मला इतकंच दिसत होतं की बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी याच्या पोटात दुखतं. ओवा दिला, जंताचं औषध दिलं, सासूबाईंनी दृष्ट काढली. पुढे समुपदेशक ताईंनी 'अँग्झायटी' हा शब्द उच्चारला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोराला कसली आलीय चिंता?" त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या भाषेत चिंता मोठ्या माणसांना असते, कर्जाच्या हप्त्याची नाहीतर मुलीच्या लग्नाची. मी धाकट्यालाच विचारलं, नक्की काय होतं तुला? तो म्हणाला, "उरुसात आकाशपाळणा खाली येताना पोटात होतं ना, तसं. पण पाळणा थांबतच नाही."

आम्ही मिरजेचे. उरुसातल्या पाळण्यात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, त्यामुळे तो काय म्हणतोय ते मला त्या क्षणी कळलं.

तपासण्या झाल्या. कागदावर 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असे तीन शब्द आले. 1995च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत हा नव्हताच. 2016च्या कायद्यात एकवीस झाले, त्यांत हा आला. दहावीला जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. कागदाचं मोल मला कळतं, मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर धाकट्याने तो हातात घेतला, बराच वेळ लावून शेवटचा शब्द वाचला आणि विचारलं, "अक्षमता म्हणजे क्षमता नाही असंच ना?" मी म्हटलं, अक्षरं ओळखायला तुझ्या मेंदूला जास्त वेळ लागतो, एवढंच. त्याने कागद घडी घालून परत दिला.

मी पुस्तकांत वाढलेली बाई. माझ्या वडिलांनी पगारातून दर महिन्याला एक पुस्तक घेतलं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर हे, की याच्यासारखा मुलगा कुठल्या गोष्टीत आहे का ते शोधायचं आणि त्याच्या हातात द्यायचं.

माझ्या लहानपणीच्या गोष्टी आठवून पाहिल्या. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट. एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे, दोघं मिळून वाट काढतात. ती ऐकताना मला त्या दोघांची नावं काय, त्यांना खायला काय आवडतं, हे कधी कुणी सांगितलं नाही. नंतर अष्टावक्र. आठ ठिकाणी वाकडं शरीर, आणि जनकाच्या दरबारात जाऊन भल्या पंडिताला हरवणारा मुलगा. ही गोष्ट मला फार आवडायची. आता आई म्हणून वाचली तेव्हा गळ्यात काहीतरी अडकलं. लोकांचं हसू थांबवायला त्या पोराला राजदरबारात वाद जिंकावा लागला. न जिंकता परत आला असता तर? मला धाकट्याला अशी गोष्ट द्यायची नव्हती जिच्यात शेवटी पदक मिळालं तरच मुलगा चांगला ठरतो. आजही शाळांच्या बक्षीस समारंभात वाटली जाणारी पुस्तकं बघा. अपंग मूल एक तर दुसऱ्यांना दया शिकवायला येतं, नाहीतर अव्वल येऊन दाखवायला.

मग आमच्याच कपाटातून 'तोत्तोचान' निघालं. चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टचा. मोठीसाठी घेतलेलं, तिने दोन दिवसांत संपवलेलं. मी ते धाकट्याला रोज रात्री वाचून दाखवू लागले. जपानच्या तेत्सुको कुरोयानागींनी 1981 साली हे लिहिलं ते स्वतःच्या शाळेबद्दल. तोत्तो पहिल्या शाळेतून काढली जाते, कारण ती बाकाचं झाकण सारखं उघडते-मिटते, खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते. नव्या शाळेत वर्ग भरतात ते आगगाडीच्या जुन्या डब्यांत, आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास तिचं बोलणं ऐकून घेतात. "चार तास?" धाकटा उठूनच बसला. "मधे मधे घड्याळ नाही बघितलं?"

यासुआकीचान येतो तेव्हापासून तर त्याने मला एक पान चाळू दिलं नाही. पोलिओ झालेला मुलगा, तोत्तोच्या वर्गातला. शाळेतल्या प्रत्येक मुलाचं एकेक झाड ठरलेलं, आणि तोत्तो यासुआकीचानला आपल्या झाडावर यायचं आमंत्रण देते. ती एक शिडी ओढून आणते, ती कामाची ठरत नाही. मग घडीची शिडी आणते. शेवटी फांदीवर बसून त्याला हाताने ओढून घेते. वर बसल्यावर तो तिला टेलिव्हिजन नावाच्या एका पेटीबद्दल सांगतो. हे प्रकरण मी चार रात्री वाचलं. चौथ्या रात्री धाकटा बोटांवर मोजत म्हणाला, "एक शिडी, दुसरी शिडी, मग ओढून. तीनदा." थोडं थांबून म्हणाला, "बाई एकदाच सांगतात."

आणि खेळांचा दिवस! ताकाहाशी नावाचा मुलगा, हातपाय आखूड, उंची थांबलेली. कोबायाशींनी शर्यतीच अशा आखलेल्या की त्याचं लहान शरीर तिथे उपयोगी पडावं. कापडी माशाच्या पोटात शिरायचं आणि रांगत बाहेर यायचं, अशा. ताकाहाशी जिंकतो, बक्षीस म्हणून भाज्या मिळतात. इथे कुणी म्हणेल, शेवटी हाही जिंकलाच की. पण या ठिकाणी मुलगा बदललेला नाही, मैदान बदललंय, हे माझ्या पोराला न सांगता कळलं. तो म्हणाला, "मग वाचनाची पण अशी शर्यत काढता येईल. ऐकून सांगायची." पुढे याच पुस्तकाच्या पैशांतून लेखिकेने मूकबधिर कलाकारांची नाटक मंडळी उभी राहायला मदत केली, हे मी त्याला सांगितलं. त्याला त्यात विशेष वाटलं नाही, त्याचं लक्ष माशाच्या पोटात होतं.

पूर्ण पुस्तकात तोत्तोला काय 'झालंय' याचं नाव येत नाही. धाकट्याने ते विचारलंही नाही. तिला ओळखायला त्याला नाव लागलं नाही.

नंतर आणखी सापडली. लडाखच्या चुस्किटची गोष्ट, जिला चाकाच्या खुर्चीतून शाळेत जायचंय, पण वाट खडबडीत आणि मधे ओढा. पोरं आणि शिक्षक मिळून वाट सपाट करतात. सुजाता पद्मनाभनांची ही गोष्ट प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर फुकट वाचता येते. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं 'कन्ना पन्ना', झै व्हिटेकरांचं. एक गप्प मुलगा नातेवाइकांबरोबर गुहेतलं देऊळ बघायला जातो, दिवे जातात, सगळे घाबरतात आणि तो सगळ्यांना बाहेर काढतो. अंधार त्याच्या रोजच्या ओळखीचा. त्याला दिसत नाही हे आपल्याला फार उशिरा कळतं. आम्ही ते लगेच पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं, चित्रांत खुणा शोधत.

पण दोन बाबतींत मला हवं ते मिळत नव्हतं. एक, पोटातला तो पाळणा. आपल्या बालसाहित्यात भीती म्हणजे भूत, अंधार, वाघ, चोर. बुधवारच्या तासाची भीती, वहीत लाल शाई येणार याची भीती, तिला मराठीत शब्द नाहीत असं नाही. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात. हे सगळे आजीच्या तोंडचे शब्द आहेत. पुस्तकात मुलांच्या वाट्याला ते फार कमी येतात.

आणि दुसरी गोष्ट, जिने मला खरा त्रास दिला. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्याबद्दलचं पुस्तक त्याला स्वतःला वाचता येत नाही.

देवनागरीबद्दल लोक अभिमानाने सांगतात की जसं बोलतो तसं लिहितो. धाकट्याबरोबर बसल्यावर मला आपली लिपी नव्याने दिसली. 'दिवस' म्हणताना आधी द येतो, पण कागदावर वेलांटी आधी. तो लिहायचा 'दविस', मग वेलांटी कुठे लावायची यावर अडायचा. म आणि भ, घ आणि ध, यांत फरक केवढा, तर रेघ मोडल्याइतका. 'ख' सुटा लिहिला तर 'रव' होतो. आणि र! 'सूर्य'मधे डोक्यावर, 'चक्र'मधे पायाशी, 'राष्ट्र'मधे खाली छपरासारखा, 'तऱ्हा'मधे आडवा. चार वेशांतला एकच माणूस ओळखायचा. ल सुद्धा पाठ्यपुस्तकात पाकळीचा आणि माझ्या मोबाईलवर दांडीचा. आपण हे फरक बघतही नाही. तो प्रत्येक ठिकाणी थांबतो.

यावर आपली पुस्तकं कशी छापतात, तर बारीक टाईप, दोन ओळींत वरच्या उकाराला खालची वेलांटी भिडलेली, दोन्ही कडा सरळ याव्यात म्हणून शब्दांमधे कुठे फट तर कुठे गर्दी, आणि कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात 1998 साली सुरू झालेली बॅरिंग्टन स्टोक नावाची प्रकाशनसंस्था अशाच मुलांसाठी पुस्तकं काढते. पिवळसर जाड कागद, सुटसुटीत अक्षर, मोकळ्या ओळी. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोष्ट वयाला शोभेल अशी, फक्त वाचायला सोपी. आपल्याकडे मोठा टाईप म्हणजे बाळांचं पुस्तक. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात ससा-कासव दिलं तर तो ते दप्तरात लपवून नेतो. आमच्याकडे असं झालंय.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं, एक तरी आपणच करू. बँकेतून आल्यावर रोज थोडं लिहिलं. गोष्ट त्याचीच, बाकं मोजणाऱ्या मुलाची. शाळेमागच्या डीटीपीवाल्याकडे गेले. तो भला माणूस, त्याच्या परीने सांगत होता. "ताई, उजवी कड वाकडी दिसतेय, जस्टिफाय करून देतो." मी म्हटलं, नको, वाकडीच हवी. "पाठपोट छापू, निम्म्या पैशात होईल." नको, मागचं पुढे दिसतं. "एवढा मोठा टाईप, लहान मुलांचं आहे का?" तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं, चहा मागवला, आणि ओळींमधलं अंतर तीनदा बदलून तीन नमुने काढून दिले. त्याने त्या नमुन्यांचे पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाला, त्याचा पुतण्या सहावीत आहे.

तिन्ही नमुने धाकट्यासमोर ठेवले. त्याने मधला उचलला. त्यावरून छापलेल्या कच्च्या प्रतीवर बोट ठेवून, मधे मधे श्वास घेत, सोळाच्या सोळा पानं त्याने स्वतः वाचली. दोन संध्याकाळी लागल्या. मोठी आत अभ्यास करत होती, ती दाराशी येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

शेवट मी असा लिहिला होता: मुलाची पाळी येते, तो अडखळत पण हिमतीने परिच्छेद वाचतो, बाई त्याची पाठ थोपटतात, वर्ग टाळ्या वाजवतो. लिहिताना माझेच डोळे भरले होते.

धाकट्याने पान मिटलं. "हे काढ."

"का रे?"

"अडखळलं की टाळ्या नाही वाजवत कुणी. आणि वाजवल्या तर अजूनच कसंतरी होतं."

"मग शेवटी काय करू? तू सांग."

त्याला विचार करावा लागला नाही. "त्याच्या पुढच्या बाकावरचा मुलगा वाचत असतो ना, तो लांबलचक परिच्छेद. तो संपायच्या आत बेल होते."

"आणि?"

"आणि काही नाही. बेल होते. डबे उघडतात."

मी ते तसंच लिहिलं. डब्यात काय होतं ते त्याने मागाहून सांगितलं, पोळीचा लाडू, म्हणून तेही घातलं.