गल्लीतल्या मांजरांवरच्या खुणा: पावसाळ्याअखेरची नोंद

गल्लीतल्या मांजरांच्या अंगावरच्या खुणा कशाने झाल्या, ते आम्ही या नोंदींत शोधतो. मागच्या नोंदीत उघड्या, म्हणजे कारण न कळलेल्या, राहिलेल्या खुणांपैकी कुशीवरच्या काळ्या पट्ट्याचा निकाल लागला. तो आधी घेतो, कारण त्यासाठी केलेली तपासणी इतर डागांनाही लावता येते.

पट्टा बोटभर रुंद, खांद्यापासून मांडीपर्यंत आडवा. केस चिकटलेले, खालची कातडी स्वच्छ. कोरड्या कापसाला थोडं काळं लागत होतं, पाण्याच्या कापसाला जवळजवळ काहीच नाही, खोबरेल तेलाच्या कापसाला भरपूर. म्हणजे ग्रीस. गल्लीत मांजराच्या उंचीवर ग्रीस असण्याची जागा एकच: दुकानांच्या रोलिंग शटरची बाजूची पट्टी. पट्टी उभी असते, पण मांजर तिला घासत आडवं सरकतं, म्हणून डाग आडवा उमटतो. शटर वीतभर उघडं ठेवलेल्या दुकानांच्या पट्ट्यांवर केसही सापडले.

बाजूवरून आणखी एक गोष्ट कळते. आत जाताना डावी कूस पट्टीला लागली, तर त्याच कडेने बाहेर येताना उजवी लागणार. दोन्ही कुशींवर पट्टा असलेली मांजरं त्याच फटीतून ये-जा करतात. भुऱ्या बोक्याला फक्त डावीकडे पट्टा आहे, म्हणजे त्याचा बाहेर पडायचा रस्ता वेगळा. तो मागच्या खिडकीतून उतरतो, हे नंतर दिसलंच.

ग्रीस काढताना रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको. कातडी भाजते आणि चाटल्यावर विषही जातं. चमचाभर खाण्याचं तेल चोळून पाच मिनिटं थांबायचं, टिश्यूने पुसायचं, मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकून तेवढाच भाग धुवायचा, दोनदा साध्या पाण्याने खळबळून कोरडा करायचा. फिनेल किंवा क्लोरोझायलेनॉल असलेलं जंतुनाशक पाण्यात टाकायची सवय अनेक घरांत असते. मांजराचं यकृत असली रसायनं नीट निकामी करू शकत नाही, त्यामुळे ती मांजराच्या आसपासही नकोत.

केसाचं टोक

टक्कल दिसलं की सगळे आधी कातडी बघतात. आमचा आग्रह केस आधी बघण्याचा आहे. केस कापला गेला, चाटून तुटला की मुळासकट गळला, एवढं कळलं तरी निम्म्या शक्यता बाद होतात.

टकलाच्या मधले केस घेऊ नका. तिथे नवे उगवलेले असतात, त्यांची टोकं निमुळतीच असणार आणि निष्कर्ष चुकणार. कडेचे पंधरा-वीस केस चिमट्याने, वाढीच्या दिशेने उपटायचे. पारदर्शक सेलोटेपवर आडवे ठेवून काचपट्टीवर चिकटवायचे आणि मुळाच्या बाजूला लगेच पेनने खूण करायची. नाहीतर नंतर मूळ कोणतं आणि टोक कोणतं याचा घोळ होतो. काळे केस पांढऱ्या कागदावर, पांढरे काळ्यावर. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग चालतं, मोबाइलला लावायची साठपट भिंगाची क्लिप जास्त बरी.

निमुळतं टोक म्हणजे केस आपणहून वाढलेला, कुणी छेडलेला नाही. सपाट, एका रेषेत कापलेलं टोक म्हणजे कात्री किंवा ट्रिमर. फाटलेलं, झाडूसारखं पिंजारलेलं टोक म्हणजे मांजराची स्वतःची जीभ. घरची माणसं ‘ती कधी चाटतच नाही’ असं ठामपणे सांगतात, पण मांजरं आडोशाला बसून चाटतात. टोकाच्या साक्षीवर जास्त विश्वास ठेवावा.

गिरणीजवळच्या तिरंगी मांजरीचं पोट आणि मांड्यांची आतली बाजू दोन्हीकडे सारखी उघडी पडली होती. टोकं सगळी पिंजारलेली. मग पिसवांचा बारीक फणा शेपटीच्या बुडख्यापासून मानेपर्यंत फिरवला आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकला. मातीचा कण काळाच राहतो. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त, त्यामुळे तिच्याभोवती तांबूस कडं पसरतं. इथे तेच झालं. ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजके चावेही पुरतात आणि चाटताना ते पिसवा गिळून टाकतं. त्यामुळे एकही पिसू दिसली नाही म्हणून शंका सोडू नये. मान आणि पाठीवर उलटा हात फिरवल्यावर बारीक खपल्या लागतात का, तेही बघावं.

औषध मांजराचंच हवं. कुत्र्यांसाठीच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजर झटके येऊन मरू शकतं. वेष्टनावरचा घटक वाचल्याशिवाय नळी उघडू नका.

कान आणि डोळा यांच्यामधले विरळ केस ही खूण नाही. बहुतेक मांजरांना ते तसेच असतात. दर नोंदीला कुणीतरी त्यांचा फोटो पाठवतं, म्हणून पुन्हा लिहिलं.

कुशीवरचा गडद आयत

साय रंगाची, तोंड-कान-शेपूट काळपट असलेली मांजरी. डाव्या कुशीवर नीट कोपऱ्यांचा गडद आयत उगवला. ना तेल लागलं, ना रंग सुटला. केसांची टोकं निमुळती, म्हणजे नवी वाढ. हा आयत नसबंदीचा आहे. सयामी ठेवणीच्या मांजरांत रंग बनवणारं विकर (एन्झाइम) थंड जागीच नीट काम करतं, म्हणून कान, पाय, शेपूट काळी. शस्त्रक्रियेसाठी कूस भादरली की तेवढी कातडी थंड राहते आणि तिथे केस गडद उगवतात. पुढच्या केसगळतीत तो आपोआप फिकट होईल. कान बघितल्यावर डाव्या कानाचं टोकही सरळ कापलेलं निघालं. नसबंदीच्या वेळी गुंगीत असताना सुमारे एक सेंटिमीटर टोक कापतात. सरळ रेष असेल तर ती खूण माणसाची. भांडणात फाटलेल्या कानाची कड वेडीवाकडी असते.

नारिंगी बोक्याच्या नाकावर आणि ओठांवर आलेले काळे सपाट ठिपके हे लेंटिगो आहेत. नारिंगी मांजरांत वयाबरोबर वाढतात, त्रास काही नाही. ठिपका उंच झाला, खपली धरली किंवा रक्त आलं तर मात्र पशुवैद्याकडे.

रंगाचे डाग

डागाचे चार केस कात्रीने कापून बशीत घ्यायचे. मांजराच्या अंगावर कोणतीही चाचणी करायची नाही.

पिवळा डाग: चुन्याची निवळी टाकली आणि लालसर झाला तर हळद. कुणीतरी जखमेवर लावलेली असते, म्हणून डागाखाली जखम शोधा. तपकिरी-पिवळा डाग: भाताच्या पेजेचा थेंब टाकून निळा-काळा झाला तर पोव्हिडोन आयोडिन, म्हणजे जखमेवर लावायचं जंतुनाशक. डाग जुना असेल तर आयोडिन उडून गेलेलं असतं आणि रंग बदलत नाही, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर पक्कं धरू नये. जांभळा डाग सॅनिटायझरच्या थेंबात विरघळून पसरला तर बहुधा जेन्शियन व्हायोलेट, हेही जखमेवर लावायचं औषध.

या डागांचा खरा उपयोग वेगळा आहे: मांजराला कुणीतरी आधीच उपचार करत आहे हे कळतं. त्या घराचा शोध घेतल्याशिवाय दुसरं औषध सुरू करू नये.

नायट्याचा दिवा

पावसाळ्यात गोल टक्कल दिसलं की यूव्ही टॉर्च विकत घेतली जाते. स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यात सगळंच जांभळं दिसतं. ३६५ नॅनोमीटरची हवी. खोली पूर्ण अंधारी, डोळ्यांना सवय व्हायला काही मिनिटं, आणि टॉर्च मांजराच्या डोळ्यांवर नाही. मायक्रोस्पोरम कॅनिस ही नायट्याची बुरशी असेल तर केसाचा दांडा मुळाजवळ सफरचंदी हिरवा चमकतो. कोंडा, मलम, साबण, कपड्याचे धागे हेही चमकतात, पण निळसर-पांढरे आणि केसाच्या दांड्यात नाही. ट्रायकोफायटन ही नायट्याची दुसरी बुरशी चमकत नाही. म्हणून चमक नसली तरी नायटा नाही असं म्हणता येत नाही; नव्या टूथब्रशने सगळं अंग विंचरून तो ब्रश पिशवीत बंद करून पशुवैद्याकडे कल्चरला द्यावा. बुरशी वाढून उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर हातमोजे, आणि लहान मुलांना दूर ठेवा. नायटा माणसाला होतो.

अजून उघड्या खुणा

भुऱ्या बोक्याच्या गालावर दोन छिद्रं, अंतर साधारण दीड सेंटिमीटर. मोजमाप फोटोतल्या दहाच्या नाण्यावरून, ते २७ मिलिमीटरचं आहे. एक, दोन आणि पाचची नाणी मालिकेनुसार बदलतात, ती मापाला वापरू नका. अंतर मांजराच्या सुळ्यांशी जुळतं. उंदराचे पुढचे दात शेजारी-शेजारी असतात, तिथे चिकटलेल्या दोन चिरा दिसल्या असत्या. छिद्रं वरून लगेच मिटतात आणि जंतू आत कोंडतात. दोन ते चार दिवसांत गळू फुगतं. गाल रोज बघायचा, गरम किंवा ताठ लागला की त्याच दिवशी दवाखाना. माणसांची पॅरासिटामॉल कदापि नाही, एक गोळीही जीव घेते. हाताळताना चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून रेबीजच्या लसीसाठी जायचं.

पांढऱ्या मांजरीच्या कानांच्या कडांना खपल्या आहेत. दोन शक्यता उरल्यात. खरूज असेल तर खाज प्रचंड, खपल्या जाड, राखाडी, आणि कानांवरून कपाळाकडे सरकणाऱ्या. उन्हाने असेल तर आधी कडा लाल, केस विरळ, खाज कमी. पण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून ही शक्यता जास्त काळजीची. फोटो दर आठवड्याला त्याच कोनातून, सकाळच्या सावलीत घेत आहोत. त्वचेचा खरवड पशुवैद्य घेणार आहेत. त्याचा निकाल पुढच्या नोंदीत.

काळ्या पिल्लाच्या मानेभोवतीची केस नसलेली अरुंद गोल रेषा मात्र थांबण्यासारखी नाही. अशी रेषा रबरबँड किंवा दोरा कातडीत रुतल्यावर येते आणि वरून केसांत तो दिसतही नाही. आजूबाजूच्या कुणाच्याही मांजराच्या मानेवर, पायावर किंवा शेपटीवर अशी रेषा दिसली, तर बोटाने चाचपून बघा. रुतलेला दोरा घरी ओढू नका, पशुवैद्याकडेच कापून घ्या.