राजूरच्या पुढचा सह्याद्री

भंडारदऱ्याला जायचं तर संगमनेर, अकोले, राजूर असंच जावं, हा माझा हट्ट. घोटीकडून लवकर पोहोचता येतं, पण या वाटेनं सह्याद्री हळूहळू उलगडतो. आधी प्रवरेकाठचा ऊस, मग टोमॅटो-कांद्याची रानं, आणि राजूर मागे पडलं की एकदम भातखाचरं. आवणी जोरात चालली होती. चिखलात वाकलेल्या बाया, डोक्यावर इरली.

आमच्यातला एक भूगर्भशास्त्र शिकलेला. रतनवाडीच्या रस्त्यावर त्यानं गाडी थांबवायला लावली आणि समोरच्या कड्यातले आडवे पट्टे दाखवले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा वर आला, पसरला, थिजला. त्याचे हे थर. मऊ थर झिजून उतार होतात, कठीण थरांचे कडे उभे राहतात. म्हणजे १६४६ मीटरचं कळसूबाई हे ज्वालामुखीचं तोंड नव्हे, झिजेतून उरलेला डोंगर! मला हे फार विलक्षण वाटलं. मग अमृतेश्वराच्या देवळातल्या कोरीव दगडावरून किती वेळ हात फिरवत राहिले.

भंडारदऱ्याचा जलाशय मात्र माणसानं केलेला. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं.

शेंडी गावात नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलंय. त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद आहे. साम्रदची सांदण दरी राहिली. ती पाऊस सरल्यावरच उतरायची.