शाकाहारी घरात आलेली शेल्टरची मांजर

आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे मांजर अ‍ॅडॉप्ट करायचं ठरलं तेव्हा पहिला वाद केस किती गळतील, सोफा फाडेल का यावर नाही, तर ती खाणार काय यावर झाला. सासूबाईंचं म्हणणं, "अगं गुहागरला आमच्याकडे कायम चार-पाच मांजरं असायची, दूधभातावर कशी गुबगुबीत होती." आता यावर काय बोलणार! पण शेल्टरमधल्या मुलीने फॉर्म भरताना नेमकं हेच विचारलं, घरी नॉनव्हेज चालतं का, आणि मी जरा चाचरतच म्हटलं की आम्ही खात नाही पण तिच्यासाठी आणू, तर तिने पेन बाजूला ठेवून नीट समजावलं. मांजराला टॉरिन नावाचा एक घटक लागतोच, तो तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, मांस-मासळीतून मिळतो, आणि बरेच महिने मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. कुत्रं त्या मानाने निभावून नेतं, मांजर नाही.

घरी येऊन आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग आमच्या मांजरी कशा गं जगल्या? आणि भाजी निवडता निवडता उत्तरही त्यांनीच दिलं, "उंदीर खायच्या की मेल्या रात्रभर." म्हणजे दूधभात हा नुसता वरचा खाऊ, खरं जेवण माळ्यावर आणि गोठ्यात. आता घोडबंदर रोडच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून आणायचे? मग तह झाला. कॅट फूड बाल्कनीतल्या कपाटात राहणार, तिचे वाडगे आणि घासणी वेगळी, धुणं बाल्कनीतल्या नळाखाली, आणि ओट्यावर यातलं काहीही येणार नाही. समोरच्या काकूंना कळलं तर त्या आपणहून म्हणाल्या, आमच्याकडे रविवारी चिकन होतंच, फोडणीला टाकायच्या आधी दोन तुकडे बिनमिठाचे उकडून देत जाईन. कांदा-लसूण लागलेलं द्यायचं नाही हे त्यांना मी दोनदा सांगितलं कारण त्याने मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, अगदी ग्रेव्हीतून गेलं तरी.

शेल्टरवाल्यांनी घर बघायला माणूस पाठवला होता, त्याने फक्त खिडक्या बघितल्या असं म्हटलं तरी चालेल. बाल्कनीला आमची नायलॉनची कबुतरजाळी होती, तो म्हणाला ही दातांनी कुरतडतात आणि कबुतराच्या नादात सरळ खाली जातात, तारेची लावा. लावली. खर्च झाला, पण ही अट बरोबर आहे असंच माझं मत. दुसरं त्यांनी सांगितलं की दिवाळी जाऊ द्या मग न्या, नवीन घर आणि फटाके दोन्ही एकदम नको. हेही पटलं.

मांजर म्हणजे साधारण तीन वर्षांची तिरंगी मादी, मासळी बाजाराजवळ सापडलेली (आईंना हे मी बरंच उशिरा सांगितलं), नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेलं. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस झालेली, कार्ड सोबत दिलं. पिल्लू का नाही घेतलं असं सगळे विचारतात. पिल्लांना घरं मिळतात हो, मोठ्या मांजरांना मिळत नाहीत, आणि मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच कळलेला असतो हा आपला फायदा.

रिक्षातून आणताना कॅरिअरवर आईंची जुनी सुती साडी टाकली होती, अंधार असला की मांजरं जरा शांत राहतात. तरी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये ती जे ओरडत होती ते ऐकून रिक्षावाला दर सिग्नलला मागे वळून बघत होता. घरी आल्यावर तिला सरळ आतल्या छोट्या बेडरूममध्ये ठेवलं आणि दार लावून घेतलं. एका कोपऱ्यात लिटर बॉक्स, लांबच्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं, कारण जिथे शी-शू तिथे जेवण त्यांना आवडत नाही, आणि मधे एक आडवा पाडलेला खोका लपायला. लिटर शेल्टरमध्ये होतं तेच लाकडाच्या गोळ्यांचं, आणि ती तिथे झोपायची ते मळकं फडकं न धुता तसंच खोक्यात घातलं. आईंना ते फडकं बघवत नव्हतं. पण नव्या जागेत तिला ओळखीचा वास तेवढाच.

खरं अवघड काम होतं दार बंद ठेवणं. लेकाला बघायचंय, लेकाच्या मित्रांना बघायचंय, नणंद मुलुंडहून खास आली तिला बघायचंय. मांजर मात्र खोक्यातही नाही, बॉक्सबेड आणि भिंतीच्या फटीत, फक्त दोन डोळे. शेवटी मी दारावर कागद चिकटवला, आत जायचं तर खाली बसायचं, हात पुढे करायचा नाही, बोलायचं तर हळू. लेक आत बसून मराठीचं पुस्तक मोठ्याने वाचायचा. अभ्यास झाला आणि मांजराला आवाजाची सवय झाली, दोन्ही कामं.

काळजी वाटली ती खाण्याची. पहिल्या रात्री खाल्लं नाही हे चालतं, सगळे सांगतात. पण दुसऱ्या दिवशी दुपारीही वाडगा भरलेलाच बघून मी व्हेटना फोन केला, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं, "भूक लागली की खाईल" हा आपला हिशोब इथे चालत नाही. त्यांनी सांगितलं वेट फूडचं पाऊच कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून जरा गरम करा, वास सुटला पाहिजे, आणि खोलीतून निघून जा, आज रात्रीही नाही खाल्लं तर सकाळी घेऊन या. कोमट पाण्याचं भांडं म्हणजे अर्थातच स्वयंपाकघर. आईंनी स्वतःच गॅस लावला, पातेलं बाल्कनीत नेऊन दिलं, तोंडाला पदर लावून. रात्री वाडगा चाटूनपुसून साफ! त्या दिवसापासून नाव पडलं ठकी, आईंनीच ठेवलं.

नंतर मुद्दा आला फिनाईलचा. आमच्याकडे लादी रोज फिनाईलने पुसली जाते, वर्षानुवर्षं, आणि कामाच्या मावशींना तो वास आल्याशिवाय लादी पुसल्यासारखी वाटतच नाही. काळ्या फिनाईलमध्ये जी फिनॉलसारखी द्रव्यं असतात ती मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ती लादीवर चालणार, मग पंजे चाटणार, म्हणजे गेलंच पोटात. पांढरं फिनाईल पाइन तेलाचं असतं, तेही नको म्हणाले व्हेट. आता साधं पाणी आणि अगदी थोडं भांड्यांचं लिक्विड, वर परत साध्या पाण्याचा हात. त्याच झटक्यात कपाटातल्या डांबरगोळ्या गेल्या, मनी प्लांट काकूंकडे गेला, आणि लिली घरात आणायची नाही, ती तर मांजरांच्या किडन्या निकामी करते, परागकण अंगावर पडून चाटले तरी. आणि क्रोसिन वगैरे कोणत्याही पॅरासिटामॉलचा अर्धा तुकडाही नाही! हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ओळखीत एकांनी ताप वाटला म्हणून दिली होती आणि मांजर गेलं.

खोलीचं दार उघडलं तेव्हा ती भिंतीला चिकटून, पोट जमिनीला लावून एकेक खोली हुंगत फिरली, मिक्सरचा आवाज आला की परत आत. एकदा पायपुसण्यावर शू केली. आम्ही लिटर बॉक्स बेडरूममधून वॉशिंग मशीनशेजारी हलवला होता, आणि मशीन ड्रायरवर गेलं की आख्खी बाल्कनी थरथरते, कोण बसेल तिथे. तरी लघवी तपासून घेतली, कारण मूत्रमार्गाचा त्रास असला तरी असं करतात. रिपोर्ट नॉर्मल. बॉक्स पॅसेजमध्ये आणला, प्रश्न मिटला. पायपुसणं टाकून दिलं, वास राहिला की परत तिथेच जातात.

रात्रीचा धुडगूस वेगळाच. पहाटे चार-साडेचारला हॉलभर पळापळ. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघणारी, त्यांचं चूक नाही, पण आमच्या घरी सकाळची शाळा आहे. उपाय साधा निघाला. रात्री झोपायच्या आधी काठीला बांधलेलं पीस घेऊन तिला दमेपर्यंत पळवायचं आणि मग लगेच जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे, तो आपल्या वेळेला आणून बसवायचा. हे काम नवऱ्याकडे आहे. तो दमतो जास्त.

हळूच डोळे मिटून उघडायचे, त्याला मांजर प्रतिसाद देतं, हे मी आधी थापच समजत होते. पण 2020 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठातल्या लोकांनी त्याचा रीतसर अभ्यास छापलाय. आमच्याकडे ते सगळ्यात आधी आईंना जमलं, जपाला बसल्या की डोळे तसेही अर्धे मिटलेले असतात. ठकी समोर येऊन बसायची, मग जरा जवळ, मग एक दिवस गुडघ्याला डोकं घासून गेली. "पारोशी आहे ती," असं म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. मांडीवर मात्र अजून कोणाच्याच बसत नाही, आणि उचललेलं तर अजिबात चालत नाही. काही मांजरं अशीच असतात, मला चालतं.

सोसायटीत एकांनी कुरकुर केली होती, त्यांना अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं 2015 चं परिपत्रक पाठवलं, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हापासून शांतता.

आता पुढच्या महिन्यात नागपूरला लग्न आहे. मांजराला इतका प्रवास करवण्यापेक्षा घरातच ठेवून कोणीतरी दोन वेळा येऊन जाणं बरं, म्हणून किल्ली काकूंकडे देणार आहोत. आईंनी त्यांच्यासाठी वहीत आख्खं पान लिहून ठेवलंय, पाऊच कसं गरम करायचं, लिटर कधी काढायचं, कुठल्या खुर्चीवरून तिला उठवायचं नाही. खाली नागपूरचा लँडलाइन नंबर आणि कंसात, रात्री कितीही वाजता केला तरी चालेल.