रिजेक्शनचं रजिस्टर

"मॅडम, नेमकं सांगा. चान्स किती टक्के?"

फाइल टेबलावर ठेवता ठेवताच आई-बाप हे विचारतात. जूनमधल्या त्या शनिवारी विचारणारे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगचे सुपरवायझर होते. मुलगी नुकतीच बारावीत गेलेली. तिला अमेरिकेतल्या एमआयटीला अर्ज करायचा होता.

अकरा वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत बसून मी परदेशी कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या या फायली वाचतेय. मार्कांना दोन मिनिटं पुरतात. दहावीला 97 टक्के, सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेला 1600 पैकी 1540. उत्तमच, पण तिथं अर्ज करणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. एमआयटीनं 2022 मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली, तेव्हापासून हा स्कोअर म्हणजे फक्त दारापर्यंतचं तिकीट. खरा वेळ जातो तो बाकीच्या कागदांवर. हिच्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या पाकिटांत चौदा सर्टिफिकेटं होती. ऑलिंपियाड, योगा, अबॅकस, एक ऑनलाइन कोर्स. पुण्यातल्या एका कन्सल्टंटनं "प्रोफाइल बनवून देतो, रिसर्च पेपरसकट चार लाख" असं सांगितलं होतं. असल्या लोकांचा मला मनस्वी राग येतो. पोराच्या नावावर दुसऱ्यानं लिहिलेला पेपर ही सरळ फसवणूक आहे, आणि त्यासाठी हे बाप पीएफ काढतात.

मी मनातल्या मनात 'अवघड' असा शिक्का मारला होता. तरी नेहमीचा प्रश्न विचारला, "सुट्टीत दिवसभर काय करतेस?"

"पप्पांच्या कारखान्यात जातो. रजिस्टर लिहितो."

कसलं रजिस्टर, म्हटल्यावर बाप-लेक एकमेकांकडं बघायला लागले. फाइलमध्ये ठेवण्याजोगं ते त्यांना वाटलंच नव्हतं. सोमवारी ती ते घेऊन आली. लांबट, पुठ्ठ्याचं, कडेला तेलाचे डाग. तारीख, हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक, किती बॉक्स ओतले, किती कास्टिंग म्हणजे ओतून काढलेले भाग नाकारले, कारण. ब्लो होल, कोल्ड शट, सँड ड्रॉप, ही सगळी ओतकामातल्या दोषांची नावं. नववीच्या सुट्टीपासून अक्षर तिचं. आणि दहावीच्या जुलैपासून शेवटी हिरव्या पेनानं आखलेला एक जादा रकाना : वाळूतलं पाणी.

पावसाळ्यात ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधली पोकळ भोकं, वाढतात हे फाउंड्रीत सगळ्यांनाच माहीत असतं. साच्याची वाळू ओली असली की तापलेल्या लोखंडानं त्या पाण्याची वाफ होते आणि ती कास्टिंगमध्ये अडकते. हिनं काय केलं, तर रोज सकाळी वाळू कालवायच्या मिलमधून पन्नास ग्रॅम वाळू घ्यायची, तव्यावर कोरडी करायची, पुन्हा वजन करायचं. तीन-साडेतीन टक्के पाणी हवं, तिथं जुलैत पाचच्या वर निघायचं. कारण? उघड्यावरची परतीची, म्हणजे वापरून झालेली, वाळू पावसानं आधीच भिजलेली, आणि मिलवाला मात्र सवयीनं बारा महिने तेवढ्याच बादल्या पाणी ओततोय. तिनं मिलच्या खांबावर खडूनं तक्ता लिहिला : आज पाणी इतकं, तर बादल्या इतक्या. ढिगावर ताडपत्री घालायला लावली. त्या पावसाळ्यात रिजेक्शन नऊ टक्क्यांवरून सहावर आलं.

ते पान मी कितीतरी वेळ बघत बसले. शिक्का मारायची मला घाई झाली होती.

पण म्हणून चान्स किती? वडिलांना मी खरं तेच सांगितलं. एमआयटीत बाहेरच्या देशांतल्या अर्जदारांपैकी शंभरात जेमतेम दोन घेतात. खर्च वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर. तिथल्या बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलानं आर्थिक मदत मागितली की निवडीची शक्यता घटते. मदत मागितली हे निवडताना न बघणारी आणि गरजेइतकी पूर्ण मदत देणारी मोजकीच : एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अॅमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी दोन-चार.

ते म्हणाले, "आमच्यात पाच टक्के रिजेक्शन झालं की मालक जेवत न्हाई. तिथं अठ्ठ्याण्णव?"

मी म्हटलं, "तुमच्याकडं कास्टिंग खोट निघाल्यावर बाजूला पडतं. तिथं चांगलं असूनही पडतं. आणि कारण लिहिलेलं रजिस्टर कुणी दाखवत नाही."

पुढचे सहा महिने निम्मे कागदांत गेले. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एक गणित किंवा विज्ञानाचं, एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राचं. हिचं नाव एका इंटिग्रेटेड ज्युनिअर कॉलेजात, हजेरी तिथं, शिकणं क्लासमध्ये. कॉलेजच्या ऑफिसात उत्तर मिळालं, "असलं पत्र आम्ही देत नाही, बोनाफाइड पाहिजे तर घ्या." दोन वर्षांची फी घेतलेल्या संस्थेत या पोरीला नावानं ओळखणारं कुणी नव्हतं. शेवटी फिजिक्सचं पत्र क्लासच्या सरांनी दिलं. दुसरं दहावीच्या मराठीच्या बाईंनी मराठीतच लिहिलं, भाषांतर मी केलं. वर्गात हिला चूक दाखवली की वाद घालत नाही, दुसऱ्या दिवशी तपासून येते, असं बाईंनी लिहिलं होतं. तसलं वाक्य मला अकरा वर्षांत फार थोड्या पत्रांत सापडलंय.

चौदापैकी एकही सर्टिफिकेट आम्ही अर्जात घातलं नाही. रजिस्टरच्या पानांचे फोटो, तक्ता, तवा, वजनकाटा एवढंच पोर्टफोलिओत गेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला.

आणि त्याच जानेवारीत जेईई मेन होती. नोव्हेंबरच्या टेस्टमध्ये 97 पर्सेंटाइलच्या आसपास असलेली पोरगी 93 वर आली. निबंधांचे सात खर्डे मी करून घेतले होते. रात्री अकरापर्यंत, माझ्याच ऑफिसात. पाच खर्ड्यांत भागलं असतं का? ते रजिस्टर बघून मी हुरळले, हे खरं. शंभरातल्या दोनासाठी हातातल्या, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या तयारीचे किती तास मी खर्ची घातले, याचा हिशेब काल रात्रीही मांडत होते. तिला विचारलं तर म्हणते, "निबंध लिहिताना पहिल्यांदा कळलं मॅडम, मी काय केलंय ते."

एमआयटी निकाल 14 मार्चला लावते, आपल्याकडं 15 ची पहाट, 3 वाजून 58 मिनिटं. वडिलांनी त्या आठवड्यातली नाईट शिफ्ट बदलून घेतलीय. निकाल काहीही लागला तरी सहा वाजता तिला जेईईच्या क्लासला सोडायचंय म्हणाले.