नंबर लावणारे

दुपारपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. पहिलीतला तो, पुढच्या बाकावरचा, मधल्या सुट्टीआधी सहज म्हणाला, "बाई, नंबर लावणारे येडे असतेत. पप्पा म्हणतेत." उद्धटपणा नाही, खोडी नाही. पाढा म्हणावा तसं म्हणाला. हात धुवायच्या नळापाशी रांग कशी करायची ते मी सांगत होते. बाकीची पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "चला, रांग सरळ," एवढंच म्हटलं आणि सगळ्यांना बाहेर नेलं.

पोरांनी आजवर काय काय ऐकवलंय, कधी मनाला लावून घेतलं नाही. मग हेच का लागलं? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, लेकरू आहे, सोडून दे.  

जून उजाडला की आम्ही सुरू करतो. पाळी यायची वाट बघ, ढकलू नको, तुझं झालं की खडू पुढच्याला दे. महिनेच्या महिने जातात त्यात. आणि घरी जेवता जेवता कुणीतरी एक वाक्य बोलतं आणि संपलं. संध्याकाळी भाकरी थापताना रडूच आलं. एकटीनं कुणासाठी घसा कोरडा करायचा?

पण त्याचे वडील काही टवाळ माणूस नाहीत. यंत्रमागावर रात्रपाळी करतात, आई घरी विड्या वळते. तिनंच मागे गेटपाशी सांगितलं होतं. गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून आमच्या सोलापुरात येतं, ते चार-पाच दिवसांआड सुटतं, आणि सुटलं की वरची घरं नळाला थेट मोटार जोडतात. खालच्या तोटीला नुसती हवा. मोटार लावायची नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ह्या माणसानं लावली नाही. रात्रभर मागावर उभं राहून घरी यावं आणि पिंप कोरडं दिसावं. तिथं तोंडून तसं निघालं असेल, तर मी त्याला काय समजावणार?

म्हणजे पोराला नियम कळत नाही असं नाहीच. नियम पाळणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते त्यानं घरात बघितलंय. माझ्या भिंतीवरच्या 'नियम पाळा' तक्त्यात त्याचं उत्तर नाही. ते नाही, हेच लागलंय बहुतेक. की अजून काही? माईंच्या आजारपणात मीही कितीदा... जाऊ दे.

होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा बाजार, अजून उठलेला नाही, त्यामुळे सुट्टीत पोरांचा नंदीध्वजाचाच, यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांचा, खेळ चालू असतो. फरशी पुसायचा दांडा, टोकाला ओढणी, खालचं टोक शाळेच्या पट्ट्यात खोचलेलं. 'हर्र बोला हर्र' करत निघतात. काठी जमिनीला टेकली की पुढच्याला द्यायची, हा त्यांचाच कायदा. आज त्या पुढच्या बाकावरच्याची पाळी आली. दोन पावलांत टेकली. "का बे, टेकली की! दे!" हा मात्र दांडा छातीशी धरून उभा. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "पहिलीवाल्यांना दोनदा टेकली तरी चालतंय." एक जण भांडायला उठला, "मग मला पण दोनदा." ती म्हणाली, "तू पहिलीत हायस का?" विषय संपला. हा लिंबाच्या झाडापर्यंत काठी नेऊन आला. पुढं तो परत रांगेत लागला का, ते मी बघितलं नाही, घंटा झाली.

डी.एड.ला पियाजे शिकलो होतो, मुलांचं मन अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ. गोट्या खेळणाऱ्या पोरांना त्यानं विचारलं होतं, हे नियम आले कुठून? १९३२ साली ते छापून आलं. लहानांना वाटतं, नियम मोठ्यांनी दिलेला, तो बदलायचा नसतो. जरा मोठी झाली की कळतं, आपण सगळ्यांनी ठरवलं तर बदलता येतो. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते सगळं आज लिंबाच्या झाडाखाली बघायला मिळालं.

आणि खऱ्या यात्रेत तरी काय असतं? सात काठ्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना प्रदक्षिणा घालताना मागची काठी पुढचीला ओलांडून जात नाही, एवढ्या गर्दीतही. ह्या पोरानं ते वडिलांच्याच खांद्यावर बसून बघितलंय, संक्रांतीनंतर वर्गात दुसरं काही बोलतच नव्हता. नंबर लावणाऱ्यांना येडं म्हणणारा माणूस पोराला तिथं घेऊन जातो, तासन्‌तास उभा राहतो. त्याचं बोलणं खोडून काढायची मला गरजच नाही, असं आता वाटायला लागलंय. मघापेक्षा बरं वाटतंय.

उद्या तो तक्ता उतरवते. आमच्या नळालाही धार बारीकच. पुढची पोरं तोटी पूर्ण सोडतात, मागच्यांना खरकट्या हातानं वर्गात यावं लागतं. सगळ्यांना नळापाशी उभं करून विचारणार, शेवटी कोण कोण राहतं आणि त्यांच्यासाठी काय करायचं. ठरवू देत त्यांनाच. चौथीच्या बाईंकडून ती मुलगी तेवढ्यापुरती मागून घेते. पालकसभेला वडील आले तर पाण्याचंच विचारीन, आणि वरच्या घरांशी बोलायला सोबत येऊ का, हेही. रात्रपाळीमुळे जमलं नाही तर आईजवळ निरोप देते.